सिंहाच्या पायांचा सोफा

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. आजची गोष्ट बसण्याबद्दलच आहे.

एका जंगलात, जिथे जायचा रस्ता अजून मंजूर झालेला नाही, दंताजीराव नावाचे एक रानडुक्कर राहत. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कोरडी कपार होती. तिच्यात ते, त्यांच्या पत्नी मोथाबाई आणि मुलगी कंदा, असा तिघांचा संसार होता.

दंताजीरावांना जगात एकच गोष्ट मनापासून आवडे. चिखल. ओढ्याच्या वळणावर त्यांच्या वाडवडिलांपासून चालत आलेला चिखलाचा एक खड्डा होता. वरून ऊन, खालून गारवा, मधे दंताजीराव. जेवण झालं की ते त्यात उतरत आणि डोळे मिटून पडत. तेव्हा त्यांच्या मनात काहीही नसे. मुलांनो, मनात काहीही नसणं फार अवघड असतं. मोठी माणसं त्यासाठी शिबिराला जातात.

त्याच जंगलात सुहासराव नावाचे एक तरस होते. दुसऱ्यांनी टाकलेलं उचलायचं, हा तरसांचा पिढीजात उद्योग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सुहासरावांना त्यापुढे जायचं होतं. जंगलाच्या मधोमध एका गोऱ्या साहेबाचा पडका बंगला होता. साहेब केव्हाच मायदेशी गेला होता, सामान मागे राहिलं होतं. एक दिवस सुहासरावांनी आत शिरून जळमटं झाडली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्याला आजवर उष्टं म्हणत आलो, त्याला ‘अँटिक’ असा एक शब्द आहे.

त्यांनी दारावर पाटी लावली. जंगल बघायला येऊ लागलं.

पहिली खरेदी केली शेजारच्या सायाळीने. काटेवहिनी म्हणत त्यांना. त्यांच्याकडे निळ्या मखमलीची एक बुटकी चौकी आली. मोथाबाई ती बघून घरी आल्या, त्या जरा वेगळ्याच आवाजात बोलू लागल्या.

“काटेवहिनींकडे चौकी आलीय.”

“तिच्यावर काय ठेवतात?” दंताजीरावांनी विचारलं.

“पाय.”

“पाय जमिनीवर ठेवता येतात की.”

मोथाबाई काही बोलल्या नाहीत. लग्न झालेल्यांना अशा गप्प बसण्याचा अर्थ कळतो. तुम्हालाही कळेल.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “पौर्णिमेला कंदाला बघायला डोंगरापलीकडची मंडळी यायचीत. त्यांना बसवणार कुठे?”

“खाली. डुकरंच आहेत ती.”

“आपणही डुकरंच आहोत. म्हणून काय तसंच राहायचं?”

 गोष्ट कंदाची होती. तिला मुलगा आवडला होता. उदाजी त्याचं नाव. करवंदांच्या दिवसांत दोघांनी नकळत एकच कंद दोन बाजूंनी उकरायला घेतला होता, आणि मधे त्यांची नाकं एकमेकांवर आपटली होती. तेव्हापासून कंदा जेवताना हसायची. मुलीचं हसू जाऊ नये, एवढं तरी बापाने करायला हवं, असं दंताजीरावांना वाटलं. ते बायकोमागून बंगल्यात गेले.

मधल्या दालनात एक सोफा होता. लाल मखमल. कडेने सोनेरी गोंडे. पाठीवर कोरलेले द्राक्षांचे घड. आणि चारी पाय सिंहाच्या पंजासारखे, नखांसकट.

दंताजीराव दोन पावलं मागे सरले.

“बाकीचा सिंह कुठाय?”

“बाकीचा नसतो,” सुहासराव म्हणाले. “विलायतेत एवढाच वापरतात. हा तिकडच्या एका राणीच्या मावशीचा सोफा. आत अस्सल घोड्याचे केस भरलेत.”

“घोड्याला विचारलं होतं?”

“अहो,” मोथाबाई म्हणाल्या.

“बसून बघू का?” दंताजीरावांनी विचारलं.

सुहासराव आणि मोथाबाई दोघंही त्यांच्याकडे असं बघू लागले, की त्यांना स्वतःच्या खुरांची लाज वाटली.

“रावसाहेब,” सुहासराव अगदी मायेने म्हणाले, “ही वस्तू बसण्याची नाही. ही घरी असण्याची आहे.”

मोथाबाईंनी मान डोलावली. त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

मोबदल्यात सुहासरावांनी फार काही मागितलं नाही. ओढ्याच्या वळणावरचा तो खड्डा तेवढा. “नाहीतरी आता तुम्हाला चिखल चालायचा नाही,” ते म्हणाले. “मखमलीला डाग पडतात.” शिवाय घरोबा म्हणून त्यांनी वर एक मोठा विणलेला पडदा दिला. त्यावर विलायती शिकारीचं चित्र होतं. कुत्रे, भाले, आणि मधोमध जिवाच्या आकांताने पळणारं एक रानडुक्कर.

मोथाबाईंनी तो सोफ्यामागच्या खडकावर टांगला. “बघा,” त्या म्हणाल्या, “तिकडे आपल्या जातीला किती मान आहे.”

दंताजीरावांनी चित्रातल्या डुकराकडे पाहिलं. त्याने दंताजीरावांकडे पाहिलं. दोघांची ओळख पटली.

सोफा आला आणि कपार लहान झाली. झोपायची जागा गेली, तेव्हा तिघं दाराशी झोपू लागले. आत येताना पाय पुसायचे, शेपटी आवरायची, अंग झटकायचं नाही. मोथाबाई रोज पानांच्या झुबक्याने मखमल झाडत. झाडून झालं की लांब उभ्या राहून बघत. त्यांना खरोखर आनंद होत असे. ते आपण खोटं सांगायला नको.

दंताजीरावांची मात्र कातडी तडकू लागली. गोचिडी लागल्या. ते झाडाच्या खोडाला अंग घासत, पण चिखलाची सर खोडाला कशी येणार? एकदा ते ओढ्यावर जाऊन आले. खड्ड्याभोवती कुंपण होतं. पाटीवर लिहिलं होतं: ‘मृत्तिका-स्नान. फक्त सभासदांसाठी.’ आत सुहासराव डोळे मिटून पडले होते. दंताजीराव कुंपणाबाहेर जरा वेळ उभे राहिले. मग घरी आले.

एका सकाळी मायलेकी मोहाची फुलं वेचायला गेल्या. दंताजीराव एकटेच होते. सोफाही एकटाच होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पाय पुसले, पुन्हा पुसले, आणि हळूच वर चढून बसले.

मुलांनो, त्यांनी त्या सोफ्याबद्दल काय काय कल्पना केल्या होत्या. ज्यासाठी आपला चिखल दिला, ते काहीतरी ढगासारखं असणार. पण मखमल निसरडी होती. दंताजीराव पुढे घसरले. मागे सरकले तर द्राक्षांचे घड पाठीत टोचले. मधोमध बसले तर खालून एका स्प्रिंगने त्यांची चौकशी केली.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

दंताजीराव दचकून खाली उतरले. मखमलीच्या एका शिवणीतून एका उंदरिणीने डोकं बाहेर काढलं.

“तुम्ही इथे राहता?” त्यांनी विचारलं.

“आमचं माहेर, सासर सगळं ह्यातच,” ती म्हणाली. “आत फार ऊबदार आहे हो. वर काय आहे ते आम्हाला माहीत नाही. आजवर वर कुणी बसलंच नव्हतं.”

“साहेब बसत असेल.”

“साहेब?” उंदरीण म्हणाली. “आमची पणजी सांगायची, मड्डम त्याला दालनात पाऊल टाकू देत नसे. तो बिचारा बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर पाय पसरून बसायचा. आणि तिकडच्या मावशीकडेही ह्याच्यावर कायम पांढरी चादर होती म्हणे.”

दंताजीरावांनी मखमल पानाने पुसून काढली. त्यांना त्या साहेबाबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला. हे कुणाला सांगावं, असं मनात आलं. पण मोथाबाई मोहाची फुलं घेऊन आल्या आणि आल्या आल्या सोफ्याकडे बघून हसल्या. ते गप्प राहिले.

पौर्णिमेला मंडळी आली. उदाजी, त्याची आई आणि त्याचे वडील रानोजीबाबा. रानोजीबाबा वयस्कर होते. डोंगर चढून, डोंगर उतरून आले होते. वाटेत त्यांच्या बाजूचा ओढा लागला होता, आणि ते साधे असल्यामुळे त्यात लोळून आले होते. अंगावरून अजून चिखल ठिबकत होता. त्या वासाने दंताजीरावांचे डोळे भरून आले.

“या, या,” मोथाबाई म्हणाल्या. “बसा ना.”

रानोजीबाबांनी सोफ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगाकडे. “नको,” ते म्हणाले. “उभे बरे आहोत.”

“असं कसं, बसा.”

“तुम्ही बसा.”

“पाहुणे उभे असताना आम्ही कसे बसणार?”

उदाजीच्या आईने खाली बसायला पाय दुमडले, पण सोफा समोर असताना खाली बसणं म्हणजे आपण कोण ते सांगणं. तिने पाय पुन्हा सरळ केले. मग सगळे उभे राहिले. पावसाबद्दल बोलणं झालं. कंदांच्या पिकाबद्दल झालं. मोथाबाईंनी मावशीची हकिगत सांगितली. पाहुण्यांनी पडद्याचं कौतुक केलं, पण चित्राकडे पाठ फिरवून. ऊन कपारीत शिरलं, सरकत सरकत बाहेर गेलं, तरी सगळे उभेच. कंदा आणि उदाजी दोन टोकांना उभे होते. मधे सोफा.

दंताजीरावांना रानोजीबाबांचे गुडघे दिसत होते. ते थरथरत होते.  म्हातारा अधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होता. आता हे निघून जातील, दंताजीरावांना वाटलं. आणि परत यायचे नाहीत. इतकं अवघडायला कोण पुन्हा डोंगर ओलांडून येतं?

त्यांनी कंदाकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

तेव्हा दंताजीराव सोफ्यापाशी गेले. पाय न पुसता. मागे वळले आणि आपलं सगळं अंग त्यांनी त्या मखमलीवर सोडून दिलं.

आधी एक सिंहाचा पाय गेला. मग दुसरा. कडकड आवाज झाला, मखमल फाटली, घोड्याचे केस छपराला लागले, आणि उंदरांचं अख्खं घराणं पोरंबाळं पाठुंगळी घेऊन दाराबाहेर पळालं. दंताजीराव मधोमध जमिनीवर बसलेले होते. कानाला एक सोनेरी गोंडा लटकत होता.

 मग उदाजीला हसू फुटलं. मग कंदाला.

“बाबा,” दंताजीराव म्हणाले, “आता बसा.”

रानोजीबाबा खाली बसले. बसताना त्यांनी जो सुस्कारा सोडला, तो ओढ्यापर्यंत गेला असेल. सगळेच बसले. मोथाबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. उदाजीची आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मग मोहाची फुलं आली, कंद आले, आणि पोटभर जेवणं झाली.

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. चांगल्या गोष्टी इथेच संपतात. ही नाही.

पाहुण्यांना पोचवायला दंताजीराव खिंडीपर्यंत गेले. पुढे रानोजीबाबा बायकोशी बोलत चालले होते. म्हाताऱ्याला कमी ऐकू येई, म्हणून तो मोठ्याने बोले.

“फार मोठं घराणं आहे,” तो म्हणत होता. “राणीच्या मावशीचा सोफा मोडला, पण गृहस्थाच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. उलट आपल्याबरोबर जमिनीवर बसून कंद खाल्ले. ह्याला म्हणतात साधेपणा. नाहीतर आपण. आपल्याकडे मोडायला आहे काय?”

दंताजीरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना मागे झुडपात उभी कंदा दिसली. ती पुन्हा हसत होती. त्यांनी तोंड मिटलं.

लग्न ठरलं. पण वरपक्षाने सांगितलं, आम्हीही काही कमी नाही. लग्नात आमच्याकडूनही एक वस्तू मोडली जाईल. डोंगरापलीकडची डुकरं बंगल्यावर आली. कोरीव हातांची एक आरामखुर्ची नेली आणि मंडपात सर्वांसमक्ष मोडली. नंतर सगळे जमिनीवर बसून जेवले. जंगल थक्क झालं.

मग काय विचारता. काटेवहिनींनी आपलं बीळ देऊन दोन खुर्च्या घेतल्या, मुलाच्या बारशाला मोडल्या आणि उघड्यावर राहायला गेल्या. अस्वलांनी मधाचं झाड दिलं. सांबरांनी कुरण दिलं. ज्याच्या घरी काही मोडलेलं नाही, त्याच्याकडे जमिनीवर बसायला कुणी जाईना. सुहासराव मोडलेलं उचलून नेत, डिंकाने चिकटवत आणि ‘थोर घराण्यात एकदा मोडलेलं’ म्हणून जास्त किमतीला पुन्हा विकत.

एक दिवस ते दंताजीरावांकडे आले.

“रावसाहेब, लोकांना मोडणं जमत नाही,” ते म्हणाले. “उड्या मारतात. अंगात आल्यासारखं करतात. तुमच्यासारखं सहज बसून मोडणारं दुसरं कुणी नाही. तुम्ही समारंभांना येत जा. एका मोडणीमागे एक दुपार चिखलात.”

दंताजीरावांनी मोथाबाईंकडे पाहिलं. मोथाबाईंना आता जंगलात सगळे आधी नमस्कार करत. त्यांनी मान डोलावली. इकडे दंताजीरावांची कातडी खाजत होती. ते हो म्हणाले.

सुहासराव निघाले, तेव्हा दंताजीरावांनी सहज विचारलं, “सुहासराव, तुमच्या घरी बसायला काय आहे?”

सुहासरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काही नाही हो. आम्ही पहिल्यापासून जमिनीवरच बसतो. पण हे कुणाजवळ बोलू नका. धंदा बसेल.”

तात्पर्य: मुलांनो, नेहमी साधेपणाने राहावं. पण त्यासाठी आधी घरात एक महागडा सोफा आणून तो चारचौघांत मोडावा. नुसतंच जमिनीवर बसलात, तर लोकांना वाटेल, तुम्हाला जमिनीवर बसायला आवडतं.