श्रावणातली सहा अंडी

सकाळी साडेसहाला फणसवाडीतल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यात यतीन जयकरच्या खिशातून उकडलेलं अंडं निसटलं आणि टप्पे खात खाली गेलं. थांबलं ते थेट त्याच्या आईच्या, नलूताईंच्या पायाशी. नलूताईंच्या हातात पूजेची फुलं होती. श्रावणातला पहिला सोमवार होता.

जयकरांचं घर पिढ्यान्पिढ्या मासे खाणारं, पण श्रावणात तिथे अंड्याचं नावही निघत नसे. आणि यतीनच्या वाट्याला नेमका हाच महिना आला होता, कारण श्रावण सरला की लगेच गणपती.

जयकरांची मूर्ती शाडूची, अडीच फुटी. कारखान्यातून घरच्या माणसाने उचलायची, वाटेत कुठेही टेकवायची नाही, तिसऱ्या मजल्यावर नेऊन पाटावरच ठेवायची, अशी रीत. थोरला विक्रांत ती उचलायचा. यतीन मागून झांजा वाजवत चालायचा. दर वर्षी भावाच्या मनगटावर तटतटलेल्या शिरा त्याला दिसायच्या, आणि आपल्या हातातल्या झांजा फार हलक्या वाटायच्या.

यंदा विक्रांत टोरांटोहून येणार नव्हता, हे चारच दिवसांपूर्वी कळलं होतं.

"मी उचलतो ना, आई."

"तू? गॅसचा सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत नेताना दोनदा बसतोस. यंदा फुटाचीच आणू."

यतीन चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच संध्याकाळी त्याने गल्लीच्या टोकाच्या जिममध्ये नाव घातलं.

"आपल्याला फुगायचं नाय, सर," तिथला ट्रेनर मयूर म्हणाला. "चरबी नको, सुका मसल पायजे. हलकी डंबेल्स, फॉर्म एकदम सॉलिड, आणि डेली सहा अंडी. अंडी नाय, तर मसल विसरा."

"श्रावण आहे हो."

"मसलला काय कळतो श्रावण?"

म्हणून अंडी आणि डंबेल्स वरच्या मजल्यावरच्या मनमोहनकाकांकडे गेली. काका एकटे, साठी उलटलेले, अंगाने काडी, आणि श्रावण न पाळणारे. उरलेलं सहावं अंडं खिशात टाकून तिथून खाली येतानाच ते निसटलं.

"हे काय?" नलूताईंनी विचारलं.

"मनमोहनकाकांचं. म्हणजे... डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना. अशक्तपणा आहे."

"अगोबाई! आणि एक मजला खाली मला पत्ता नाही!"

नलूताई तशाच वर गेल्या. "आणि ही डंबेल्स?"

काकांनी यतीनकडे पाहिलं. यतीन छताकडे पाहत होता.

"तीपण डॉक्टरांनीच," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पूजा आटोपली की नलूताई वर जाऊन काकांसमोर खुर्ची टाकून बसू लागल्या. श्रावणात त्या अंड्याला हात लावत नसत, म्हणून सोलायचं काम यतीनकडे आलं. तो सोलून बशीत ठेवी आणि एकेक अंडं काकांच्या तोंडात जाताना बघत उभा राही.

"नलूताई, पुरे आता. पोट फुटेल."

"डॉक्टरपेक्षा शहाणा झालास का तू? खा. आणि मग ते लोखंड उचल. काल शेवटी आळस केलास, मी बघत होते."

बाहेर कुठे खावीत, तर घरी शिरताना नलूताई यतीनच्या तोंडाचा वास घेत. जिन्यातलं अंडं त्या विसरल्या नव्हत्या. घरी त्याला साबुदाणा मिळे. मयूरने दंडाला टेप लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, प्रोटीन घेताय ना?"

"रोज सोलतो," यतीन म्हणाला.

इकडे काकांचे दंड सदऱ्याच्या बाहीत मावेनात. चालही बदलली. यतीनने एकदा हळूच विचारलं, "काका, आईला खरं सांगून टाकू का?"

काकांनी बाही ओढून सारखी केली. "सांग की. फक्त... बाई समोर बसून 'खा' म्हणते रे. किती वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं."

यतीनने सांगितलं नाही.

गणपतीच्या आठवडाभर आधी नलूताईंनी जाहीर केलं, "मूर्ती अडीच फुटीच आणायची. मनमोहन उचलेल. तो काय परका आहे?"

यतीन गॅलरीत जाऊन उभा राहिला. खालून कोणाची तरी मूर्ती चालली होती. उचलणारा त्याच्याहूनही बारीक होता.

चतुर्थीला काकांनी मूर्ती उचलली आणि रुबाबात अख्खी गल्ली पार केली. पहिला मजला झाला. दुसऱ्यावर त्यांना धाप लागली आणि पुढची पायरी चढवेना.

"यतीन... धर रे."

टेकवायची सोय नव्हती. यतीनने झांजा शेजाऱ्याच्या हातात कोंबल्या आणि मूर्तीखाली दोन्ही हात घातले. काकांनी आपले काढून घेतले.

ओझं त्याला वाटलं होतं त्याहून जास्त होतं. मनगटावर एक शीर उठली, पण बघायला त्याला सवड नव्हती.

वर दारात नलूताई भाकरतुकडा घेऊन उभ्या आहेत. त्यांनी सगळं पाहिलं आहे आणि अजून तरी "नको" म्हटलेलं नाही. यतीन निम्मा जिना चढला आहे. मूर्ती कुठेही टेकलेली नाही.