नऊ कमानींची हजेरी

निजामाच्या मुलखात, भालकीजवळच्या मेहकरच्या देशमुखांकडं पाणी तापवायला जळण म्हणून नऊ मोडकी धनुष्यं बाहेर निघाली, तेव्हा नागप्पा सुतार न्हाणीघराचं दार बसवत होता. गड्यानं पहिलं धनुष्य चुलीपुढं टाकलं आणि नागप्पानं हातातला रंधा खाली ठेवला. धनुष्य उचललं, नखानं खरवडलं, नाकाशी धरलं.

"मालक, हे जाळायलाव कामून?"

"मंग काय पूजा करू?" हणमंतराव देशमुख म्हणाले. "पणज्याची मोडकी हत्यारं. पायजे तर ने तुला."

नागप्पा भारा डोक्यावर घेऊन घरी आला. त्याची बायको सिद्धव्वा दारातच उभी होती. "कामाला गेलाव का सरपणाला?"

पण भारा सोडल्यावर तिनंच पाण्याचं घंगाळ पुढं सरकवलं. नागप्पानं एकेक धनुष्य कोमट पाण्यात भिजत घातलं. दोन दिवसांनी जुना सरस सुटला. आतल्या बाजूची शिंगाची पट्टी आणि पाठीवर चिकटवलेल्या जनावराच्या वाळलेल्या शिरा सोलून निघाल्या. मधोमध मोडलं होतं तेवढंच. दोन्हीकडचे बाक मधासारखे पिवळे, कीड नाही की चीर नाही. असा बाक तासून येत नाही. तो वाफ देऊन, बांधून, वर्षभर वाट बघून आणावा लागतो. कुणीतरी ती वाट बघितली होती.

चार बाक शेजारच्या शकुबाईच्या पाळण्याला गेले. भागम्मा म्हातारी वाकलेली, तिला बाकाची करून दिलेली काठीही वाकलेली, म्हणून दोघींचं जमलं. कुणाच्या पळीला दांडा झाला, कुणाच्या टोपलीला कडी. एक बाक नागप्पानं स्वतःला ठेवला आणि दोरी लावून भोक पाडायच्या सामत्याची कमान केली. ती अशी फिरायची की सागवानात भोक पडायचं आणि हाताला कळायचंही नाही.

मग तहसिलीतून कागद आला. कागद उर्दूत आणि हणमंतरावांची उर्दू निम्मी. 'मोडक्या कमानी... नऊ... हाजिर...' एवढं वाचलं आणि त्यांना घाम फुटला. सरकारात हत्यारांची यादी होती. नऊ कमानी दाखवल्या नाहीत तर बंडखोरांना दिल्या म्हणतील!

"नागप्पा, सरकारी कमानी गोळा कर! उद्या तहसिलीतले पेशकार यायलेत!"

नागप्पा घरोघर फिरला. शकुबाईनं तर स्पष्टच सांगितलं, "लेकरू आत्ता झोपलंय. कमान पायजे तर लेकरासकट न्या."

तसंच नेलं. दुसऱ्या दिवशी देशमुखांच्या अंगणात पळ्या, टोपल्या, काठी धरून बसलेली भागम्मा, नागप्पाचा सामता आणि चार माणसांनी उचलून आणलेला पाळणा, अशी हत्यारं मांडली. पेशकारसाहेब रुमी टोपी सावरत आले आणि बघतच राहिले.

"देशमुख, ये क्या तमाशा है?"

"कमानी, साहेब! नऊच्या नऊ! हा आमचा सुतार शपथेवर सांगंल."

"व्हय साहेब," नागप्पानं शपथ घेतली. "हितलं समदं कमानीचंच हाय."

"बहुत अच्छा," पेशकार म्हणाले. "आग लगाओ."

"आग?"

"टुटे कमानां जलाने के वास्ते आया मैं. कागद पूरा पढे नै क्या?"

शकुबाईनं लेकरू उचलून पोटाशी धरलं. भागम्मानं काठी पदराखाली घेतली. हणमंतरावांनी कागद पुन्हा उलगडला. आता शपथ मोडली तर नागप्पा खोटा, आणि पाळली तर गावाचं सामान चुलीत. नागप्पानं तोंडावरनं हात फिरवला.

"साहेब, कमानीचं हाय म्हनलं, कमान हाय म्हनलं न्हाई. ज्यातनं तीर सुटंल ती कमान. सोडून बघा. सुटला तर जाळा."

पेशकारांना हसू आलं. त्यांनी बरोबरच्या शिपायाला खूण केली. शिपायानं तुरीची काडी घेऊन पळीवर नेम धरला, टोपलीला ताणून बघितलं, पाळण्याशी झटापट केली. पाळणा झुलला, शिपाई खाली बसला. शेवटी सामत्याची कमान हातात आली. त्यानं दोरीला काडी लावली, ओढली आणि सोडली.

काडी सूंऽ करत गेली आणि साहेबांची रुमी टोपी धुळीत पडली.

नागप्पानं टोपी उचलली, झटकली, साहेबांच्या हातात दिली. मग शिपायाकडून आपली कमान घेतली, तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि ती न्हाणीघराच्या पेटत्या चुलीत ठेवली.

"ही मातर कमान हाय, साहेब."

ती जळेपर्यंत पेशकार उभे होते. मग पाळण्याजवळ बसले. बाकावरून बोटं फिरवत म्हणाले, "तू बनाया?"

"निम्मं त्यानं, ज्यानं कमान केली. बाक त्याचा. मी नुसतं सोललं."

आठ दिवसांनी भालकीहून गोणपाटानं झाकलेली बैलगाडी नागप्पाच्या दारात थांबली.

"तालुक्यातल्या समद्या मोडक्या कमानी जाळल्या म्हणून साहेबांनी लिवून टाकलंय," गाडीवान म्हणाला. "ही राख. आनि त्यांच्या लेकीला सातवा लागलाय, तवा पाळण्याचं तेवढं बघा. कुठं उतरवू?"

नागप्पानं गोणपाटाचं टोक उचललं. आत चाळीसएक धनुष्यं होती. त्यानं टोक पुन्हा नीट झाकलं.

"सावलीत उतरव, बाबा," तो म्हणाला. "राखंला ऊन लागू द्यायचं न्हाई."