भेग टिपण्याजोगा कॅमेरा

आवक-जावक विभागाच्या छताला भेग पडली, ही गोष्ट सर्वांत आधी आवक-जावक लिपिकाच्या ध्यानात आली. कारण ती त्याच्या चहात पडली. म्हणजे भेग नव्हे, भेगेतला गिलावा. लिपिकाने तो चमच्याने बाजूला काढला, चहा पिऊन टाकला आणि छतदुरुस्तीचा अर्ज केला. अर्ज वरिष्ठ कार्यालयात गेला आणि शिरस्त्याप्रमाणे परत आला. भेगेचे छायाचित्र सोबत जोडावे, असा शेरा होता.

लिपिकाने खुर्चीतून न उठता मोबाइल वर धरला आणि फोटो काढून पाठवला. फोटोत काही खोट नव्हती. भेग दिसत होती, पंखा दिसत होता, पंख्यामागच्या जाळ्यातला कोळीसुद्धा ओळखू येत होता. उत्तर आले: छायाचित्र कार्यालयीन उपकरणाने काढलेले नाही. खाजगी उपकरणाने टिपलेली भेग ही खाजगी भेग समजण्यात येईल व तिच्या दुरुस्तीची जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्यावर राहील.

खाजगी भेग बाळगणे लिपिकाला परवडणारे नव्हते. तो साहेबांकडे गेला. साहेबांनी तत्परतेने कॅमेरा खरेदी समिती नेमली. समितीत स्वतः साहेब, लेखापाल बाई आणि तज्ज्ञ म्हणून साहेबांचे मेहुणे. कॅमेरा चालवायचा कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा भेगेशी ज्याची जास्त ओळख आहे त्यानेच तो चालवावा, असे ठरले. ज्याने जन्मात मोबाइलपलीकडे काही धरले नव्हते तो लिपिक अशा रीतीने एका दुपारी ‘छायाचित्रकार (नवशिका)’ झाला. पगारात फरक पडणार नव्हता, बोलणी खाण्यात पडणार होता.

मेहुण्यांकडे स्वतःचे बरेच कॅमेरे होते. ओल लागू नये म्हणून ते हवाबंद पेटीत असत आणि धूळ लागू नये म्हणून पेटी उघडली जात नसे. त्यांनी काढलेला एकही फोटो नातेवाइकांत कोणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या अधिकाराला बाध येण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितले की घ्यायचा तर डीएसएलआरच. साहेबांनी विचारले, त्यात विशेष काय? मेहुणे म्हणाले, त्याची लेन्स बदलता येते. साहेब खुलले. जिथे बदलीची तरतूद आहे त्या व्यवस्थेवर त्यांचा प्रथमपासून विश्वास होता.

नवशिक्यासाठी प्रारंभिक श्रेणीतला कॅमेरा पुरे, असे साहेबांचे मत पडले. मेहुणे हसले. प्रारंभिक कॅमेरा घेणारा माणूस थोड्याच दिवसांत शिकतो आणि मग त्याला तो कॅमेरा पुरत नाही, असा जगभरचा अनुभव त्यांनी सांगितला. इथे लेखापाल बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढतात तेव्हा काहीतरी अडकते, हे सर्वांना माहीत होते.

“म्हणजे उद्या हे शिकले, तर कॅमेरा वाया गेला. लेखापरीक्षणात मी काय उत्तर देऊ? कर्मचारी सुधारल्यामुळे नुकसान झालं, असं?”

मग महागडा घ्यावा, असे मेहुण्यांनी सुचवले. त्यावर बाई म्हणाल्या की महागडा घेतला आणि हे शिकलेच नाहीत, तर तोही आक्षेपच. समितीने बराच विचार करून सुवर्णमध्य काढला. कॅमेरा प्रारंभिक घ्यावा आणि त्याचे आयुष्य संपेपर्यंत आपण छायाचित्रणातले काहीही शिकणार नाही, असे हमीपत्र लिपिकाकडून घ्यावे. लिपिकाने सही केली. नोकरीत कायम होतानाही त्याने जवळपास हीच हमी दिली होती, फक्त ती कोणी लिहून घेतली नव्हती.

आता कॅमेरा येईल, असे लिपिकाला वाटले. पण पुढच्या बैठकीत मेहुणे म्हणाले की कॅमेरा दुय्यम आहे, खरी महत्त्वाची लेन्स. समितीने लेन्सचा अभ्यास सुरू केला. तो संपत आला तेव्हा मेहुण्यांचे वाचन आणखी पुढे गेले होते. लेन्स नव्हे, प्रकाश महत्त्वाचा. समितीने विभागातल्या ट्यूबलाइटी बदलण्याचा प्रस्ताव केला. तो टाइप होतो न होतो तोच मेहुणे खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि म्हणाले, “भाऊजी, खरं सांगू? प्रकाशबिकाश काही नसतं. नजर महत्त्वाची.”

साहेबांनी लगेच लिपिकाला नेत्रतपासणीसाठी पाठवले.

लिपिक नवा चष्मा लावून परतला आणि त्याने सवयीने वर पाहिले. भेगा दोन होत्या. दुसरी पहिलीला जाऊन मिळत होती आणि त्या दोघींच्या मधला छताचा तुकडा आता केवळ सवयीमुळे वर राहिला होता. त्याने हे समितीला कळवले. समिती गंभीर झाली. मूळ प्रस्तावात भेग एकवचनी होती. सबब प्रस्ताव नव्याने सादर करणे भाग होते. शिवाय दोन्ही भेगा एका चौकटीत मावण्यासाठी आता रुंद कोनाची लेन्स लागणार होती.

लिपिकाने साहेबांना विनवले की तोवर माझे टेबल खिडकीशी सरकवू द्या. साहेबांनी त्याला जवळ बसवून घेतले. ते मनाने वाईट नव्हते.

“अहो, तुम्ही हललात तर धोका कुणाला राहिला? वरचे विचारतील ना, भेगेखाली कोण आहे? कुणी नाही म्हटलं तर कशाला करतील दुरुस्ती? तुम्ही आहात म्हणून तर प्रकरण तातडीचं आहे.”

लिपिकाने हे घरी सांगितले. बायकोने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत स्कूटरचे हेल्मेट घातले. “बसा हे घालून. आणि साहेबांनी विचारलं तर म्हणावं, हिने बैठक न घेता ठरवलं.” लिपिक हेल्मेट घालून आवक-जावक करू लागला. दुपारपर्यंत लेखापाल बाईंची समज आली: बाधित कर्मचारी सुरक्षित दिसत असल्यास प्रकरणाची निकड कमी होते. हेल्मेट काढून खणात ठेवावे लागले.

अखेर कॅमेरा आला. बाईंनी बिल अडवले. खोक्यावर इतके इतके मेगापिक्सेल लिहिले होते, ते प्रत्यक्षात भरतात की नाही, याची मोजणी झाल्याशिवाय माल मिळाल्याची पोच देता येईना. मेहुण्यांनी समजावले की ते आत असतात, दिसत नाहीत. बाई म्हणाल्या, न दिसणारा माल मिळाल्याच्या सह्या करून माझ्या आधीचे लेखापाल घरी बसले आहेत. शेवटी ‘मेगापिक्सेल पुरवठादाराच्या सांगण्यावरून बरोबर’ असा शेरा मारून कॅमेरा ताब्यात आला.

छायाचित्रणाच्या दिवशी सगळे कार्यालय जमले. ऐन वेळी नवाच पेच उभा राहिला. फोटोत भेगांखाली बाधित कर्मचारी बसलेला दिसायला हवा होता आणि फोटोही त्यानेच काढायला हवा होता. दुसऱ्या कोणी खाली बसावे, तर बाधितांत माझे नाव नाही, असे जो तो सांगू लागला. कॅमेऱ्यात टायमर असतो, ही माहिती मेहुण्यांनी पुरवली. माहितीपुस्तिकेबाबत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. कॅमेरा तिकाटण्यावर चढला. लिपिकाने बटण दाबले, धावत जाऊन खुर्चीत बसला आणि साहेबांच्या सूचनेवरून चेहरा धोक्यात असल्यासारखा केला.

तो धावत गेला म्हणून असेल किंवा खुर्चीत जरा जोरात बसला म्हणून असेल, छताने सवय सोडली.

फोटो अप्रतिम आला. गिलाव्याचा मोठा तुकडा हवेत, त्याभोवती थिजलेली धूळ, खाली वर पाहणारा लिपिक, आणि त्याच्या चष्म्याच्या काचेत तोच तुकडा पुन्हा, अगदी स्पष्ट. तो रीतसर वरिष्ठ कार्यालयात पाठवण्यात आला. उत्तर या खेपेस लवकर आले: सादर छायाचित्रात छताला भेग दिसून येत नाही, भोक दिसते. भोकाबाबत या कार्यालयाकडे अर्ज प्राप्त नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्याखाली कोणा रसिक अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते की फोटो मात्र सुरेख आहे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ते कळवावे.

छताचे प्लॅस्टर अशा प्रकारे लिपिकाच्या पायाला आले. इस्पितळात भेटणाऱ्यांची रीघ लागली आहे. फोटो मोबाइलवरून गावभर फिरला आहे. माणसे येतात, फळे ठेवतात, टांगलेल्या पायाकडे एकदा पाहतात आणि मग खुर्ची पुढे ओढून तोच प्रश्न विचारतात. बायको प्रत्येकाला एकच सांगते, “त्यांना नाही माहीत. ते खाली होते.”

इथवर आल्यावर तुम्हालाही तो प्रश्न पडलाच असेल. समितीने मॉडेल कोणते घेतले, हे या मजकुरात मुद्दाम दिलेले नाही. भेटायची वेळ संध्याकाळची आहे. जाऊन या. फक्त आधी पायाचे विचारा. तेवढेच बरे दिसते.