निळोपंतांच्या पाटीची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, सरस्वतीस हात जोडून, आणि स्मरणात उणेअधिक असेल त्याची आधीच क्षमा मागून लिहिले ते ऐसे. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरी, नाव सांगण्याची आज्ञा नाही ऐशा एका राज्यात वकील फार माजले. एकाने दारी पाटी लाविली 'न्यायशिरोमणी', मग शेजारच्याने लाविली 'न्यायशिरोमणींचे गुरू', आणि हैबतराव वकिलांनी तर 'अजिंक्य, आजवर एकही खटला न हरलेले' ऐसे सोनेरी अक्षरी लिहविले आणि कचेरीस जाताना पुढे चोपदार घालून तेच ललकारवू लागले. लोक भांबावले. मग श्रीमंतांनी हुकूम फर्माविला की, वकिलाने पाटीवर शपथेने खरे तेवढेच लिहावे. एक अक्षर खोटे ठरल्यास वकिलीची सनद जप्त.

हुकूम ऐकून निळोपंतांस घाम फुटला. निळोपंत म्हणजे पोथ्यांत डोके घालून बसणारे, साठी उलटलेले भिडस्त वकील. त्यांच्या दारी पाटी नव्हतीच. तीन दिवस खडू घेऊन फळीपुढे बसले आणि 'निळोपंत, वकील' इतके लिहून पुसते जाहले. पत्नी उमाबाई म्हणाल्या, "अहो, तीस वर्षे कचेरीची पायरी झिजवलीत, आता वकील आहात की नाही याचाही संशय?"

पंत म्हणाले, "आहे खरा. पण कितपत, ते लिहायला नको?"

मग त्यांनी लिहिले की, एकंदर खटले एकतीस, जिंकले अकरा. पैकी चारांत समोरचा आलाच नाही, दोहोंत पक्षकाराने आम्हांस गप्प बसविले म्हणून जिंकलो, आणि विहिरीच्या खटल्यात न्यायाधीश झोपले होते. ऐसे लिहिता लिहिता एक फळी पुरेना, मग दुसरी जोडिली, मग तिसरी, आणि पाटी भिंत ओलांडून शेजारच्या गोठ्यावर गेली. लोक थांबून वाचू लागले आणि हसू लागले, आणि मग म्हणू लागले, "हा गृहस्थ आपल्याला फसवायचा नाही," आणि दारी रीघ लागली.

हैबतरावांचे पित्त खवळले. त्यांनी फिर्याद गुदरली की, न्यायाधीश झोपले हे धडधडीत खोटे. निळोपंतांची सनद काढावी. न्यायाधीश रामेश्वरशास्त्री गादीवर विराजमान जाहले, आणि पंत सनद उपरण्यात गुंडाळून, आता परत द्यावयाचीच या तयारीने उभे राहिले.

शास्त्रीबुवा कडाडले, "पंत, आम्ही झोपलो होतो?"

"शास्त्रीबुवा, मलाही संशय आहेच. आपण चिंतन करीत असाल. घोरणे ऐकू आले खरे, पण ते माझेही असेल."

"पाहा, पाहा!" हैबतराव गरजले. "स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय म्हातारा!"

मग पंत फार ओशाळून म्हणाले, "रावसाहेब, माझी आठवण कच्ची. पण त्या खटल्यात समोर आपणच होता ना? 'न्यायाधीश झोपले म्हणून मी हरलो', असा अर्ज आपणच दिला होता. मी आपले त्यावरूनच लिहिले."

दप्तर उघडले, अर्ज निघाला, खाली हैबतरावांची सही निघाली. अर्ज खरा म्हणावा तर फिर्याद बुडते, खोटा म्हणावा तरी हरल्याची कबुली राहतेच, आणि दारी सोनेरी 'अजिंक्य' लखलखते आहे. शास्त्रीबुवा बराच वेळ डोळे मिटून बसले, आणि ते जागे आहेत की कसे, हे विचारण्याची कोणाची छाती जाहली नाही. मग डोळे न उघडताच बोलिले, "हैबतरावांची सनद जप्त. पंतांची पाटी राहू द्या."

घरी उमाबाईंनी हाती साखर ठेविली आणि म्हणाल्या, "जिंकलात की हो!" पंतांनी साखर खाल्ली, खडू घेतला, आणि पाटीच्या शेवटी लिहिले: 'हा खटला जिंकला किंवा कसे, निश्चित सांगवत नाही, न्यायाधीशांचे डोळे मिटलेले होते.'

तात्पर्य, त्या राज्यात सर्व वकिलांच्या पाट्या आखूड जाहल्या, निळोपंतांची तेवढी वाढत गेली. ऐकिले तैसे लिहिले, खरे असावे.