कंट्रोलचं धोतर

गोरेगावच्या तातेरावांच्या संतरामला पाचवं लागलं होतं. शहाण्या लेकरासारखा तो कधीचाच गोठ्यामागं जाऊन यायला शिकला होता. पण घरात धाकटं बाळ आलं आणि या पठ्ठ्यानं भरदिवसा, उभा असेल तिथं धार सोडायला सुरुवात केली. कधी ओसरीवर, कधी थेट ज्वारीच्या पोत्यावर!

आईनं, पार्वतीबाईनं, मीठ-मोहऱ्या उतरवून पाहिल्या. शेवटी पाठीत धपाटा घालून विचारलं, "काहून करून राहिला रे असं?"

"बाळानं मामाच्या मांडीवर केली, तवा समदे हसले. शुभ झालं म्हणले. मग मलाच काहून मारता?"

उत्तर म्हणून पार्वतीबाईनं आणखी एक धपाटा घातला.

त्याच आठवड्यात साखऱ्याहून रामकिशनराव आले, आपल्या पुतण्यासाठी तातेरावांची बहीण गोजरा पाहायला. आधी दोन ठिकाणी नकार झालेला. हेही स्थळ गेलं तर पोरगी घरातच राहायची, या घोरानं तातेरावांना अन्न गोड लागत नव्हतं. पाहुण्यांनी शिरा खाल्ला, सुपारी कातरली आणि म्हणाले, "बरं, कळवतो."

कळवतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तातेरावांचा चेहरा उतरला. निघता निघता गोड बोलावं म्हणून पाहुण्यांनी संतरामला मांडीवर घेतलं. "नाव काय रे तुझं?"

संतरामनं नाव सांगायच्या ऐवजी मांडीवरच धार सोडली.

"शुभ झालं!" तो टाळ्या पिटत ओरडला.

"अरे मुडद्या!" म्हणत तातेराव आत धावले. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर, तेही मोजून-मापून मिळायचं, अख्खं गाव ठिगळं लावून फिरत होतं. तरी त्यांनी दसऱ्यासाठी जपलेलं कोरं धोतर काढलं आणि दोन्ही हातांनी पाहुण्यांपुढं धरलं.

नेमकी तेव्हाच शेजारची जिवनबाई ताक मागायला आली. असल्या दिवसांत कोरं धोतर सोयऱ्याशिवाय कोण कुणाला देतं?

"अगं बया! गोजराची सोयरीक जमली व्हय!" म्हणत ती ताक विसरून गल्लीत पळाली.

पाहुणे धोतर बदलून बाहेर येतात तो ओसरी गच्च भरलेली. कुणी कपाळाला कुंकू लावलं, कुणी तोंडात साखर कोंबली.

"अहो, थांबा! हे धोतर म्हणजे..."

"म्हणजे काय, पाव्हणं?"

सगळे कान टवकारून उभे. रामकिशनरावांनी गर्दीकडं पाहिलं. खरं सांगावं, तर एवढ्याशा पोरानं आपल्याला भिजवलं ही बातमी आपल्याआधी साखऱ्यात पोचणार! मग पंचांत बसायचं कोणत्या तोंडानं?

"म्हणजे... आहेर पावला म्हणून राहिलो मी," ते साखर गिळत म्हणाले. "काढा तिथी."

तातेरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दाराआड गोजरा तोंडाला पदर लावून हसत होती.

एकटा संतराम तेवढा भोकाड पसरून बसला होता. "केली म्या, अन् नवं धोतर त्या बाबाला!"

असल्या अन्यायाच्या कामात पुन्हा पडायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि डोळे पुसत गोठ्यामागं निघून गेला.