सिमेंटला कीड लागत नाही

आमच्या घरात बाथरूम बांधायचं ठरलं तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, "बांधू की. आधी भाव तर बघू." पुढचा सगळा तमाशा या एका वाक्यातून निघाला.

मी सिद्रामप्पा. लातूरच्या मोंढ्यात तुरीचा व्यापारी. शाळा सातवीपर्यंत झाली. सातवी दोनदा केली, म्हणजे धरायचं तर आठवी. बाकीचं शिक्षण पोत्यांवर बसून. माल कधी धरावा, कधी सोडावा हे विचारायला लोक अजून माझ्याकडं येतात. घराच्या पुढच्या खोलीत माझी बैठक आहे (होती म्हणा, ते पुढं येईलच). गादी, दोन लोड, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर आणि समोर बशीत चहा ओतणारे चार-पाच जण.

"आप्पा, तूर धरू का सोडू?"

मी थोडा वेळ छताकडं बघतो आणि म्हणतो, "धर." (मी नेहमी 'धर'च म्हणतो. धरलेला माल कधी ना कधी वाढतोच. नाही वाढला तर तोवर माणूस आपल्याला विचारलं होतं हेच विसरतो.)

तर जूनमध्ये नांदेडहून मंजुश्रीचा फोन आला. एकुलती एक लेक. दिवस गेलेत म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे आमच्या घरात कुणी ठरवावं लागत नाही. पण आमचं न्हाणीघर नि संडास अंगणाच्या पार टोकाला, दगडी पायऱ्या उतरून. त्या पायऱ्यांवर माझा स्वतःचा पाय दरवर्षी एकदा तरी सटकतो. आणि हे आमच्या विहीणबाईंना, शिवगंगाबाईंना, माहीत होतं. त्या फोनवर लई गोड बोलल्या.

"तुमच्याकडं कमोड न्हाई ना? मग पोरीला कशाला अवघडवायचं? इथंच राहू द्या की. आमच्याकडं खोलीला लागूनच हाय."

नागम्मानं, माझ्या बायकोनं, फोन खाली ठेवला तो आपटल्यासारखा. मग माझ्याकडं वळली.

"दिवाळीच्या आत मंजूच्या खोलीला लागून बाथरूम पायजे. कमोडचं. न्हाई झालं तर लेक नांदेडलाच बाळंत होईल. मंग तुम्ही बसा तुमच्या तुरीचं बारसं करत."

"बांधू की," मी म्हणालो. "आधी भाव तर बघू."

मंजूच्या खोलीच्या पुढच्या बाजूला माझी बैठक आणि मागच्या बाजूला एक रिकामी खोली. बाथरूम त्या मागच्या खोलीत करायचं, हेही ठरलं. मिस्तरी म्हणून बजरंगला बोलावलं. मूळचा हदगावचा, पण लातुरात अर्ध्या गल्लीचे स्लॅब त्यानंच टाकलेले. त्यानं खोली बघितली, टेप लावला.

"पंचवीस-तीस कट्टे सिमेंट लागंल आप्पा. लगेच घ्या, मी मोकळाच हाय. मंग सोयाबीन काढणीत बिगारी भेटणार न्हाई."

पण मोकळ्या मिस्तरीच्या नादाला लागून काम सुरू करायला मी काय नोकरदार माणूस आहे? मी बाजाराचा अभ्यास सुरू केला. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, तसं सिमेंट उतरतं. म्हणजे तुरीसारखंच. उतरलं की घ्यायचं, धरायचं. एका ओळखीच्या डीलरनं सांगितलं, ट्रक घेतला तर कट्ट्यामागं, म्हणजे पोत्यामागं, पंधरा रुपये अजून तोडतो. मी ट्रक घेतला. दोनशे कट्टे.

(एका बाथरूमला दोनशे कट्टे कशाला, असं तुम्ही विचाराल. नागम्मानंही विचारलं. उरलेले तेजीत विकायचे होते. बाथरूम फुकटात पडणार होतं. व्यापारी माणसाचं गणित असं असतं.)

दोनशे कट्टे ठेवायचे कुठं? मोंढ्यातलं गोदाम तुरीनं भरलेलं. मग मागची खोली होतीच रिकामी. हमालांनी खालपासून छतापर्यंत थप्पी लावली. दार लोटायला तेवढी जागा उरली. मी दारात उभा राहून त्या थप्पीकडं बघितलं आणि मनातल्या मनात बाथरूम झालंच म्हणून टाकलं.

नागम्मानं भिंतीला हात लावला. "अवो, ही भिंत पावसाची ओली असती. माल खराब व्हनार न्हाई का?"

मला हसू आलं. "नागम्मा, तुरीला कीड लागते. हरभऱ्याला भुंगा लागतो. सिमेंटला कीड लागलेली तू कधी पाहिलीस?"

तिनं तशी पाहिली नव्हती. मीही नव्हती. तरी सवयीनं मी थप्पीत कडुलिंबाचे डहाळे खोचले. तुरीला खोचतो तसेच.

आता वाळू. पावसाळ्यात नदीतनं वाळू निघत नाही, म्हणून वाळूला सोन्याचा भाव. थांबलो. पाऊस सरत आला तशी वाळू उतरणीला लागली, तर लोखंडानं डोकं वर काढलं. बाथरूमला लोखंड लागतं किती? पण तत्त्व म्हणून थांबलो. लोखंड बसलं तेव्हा बिगारी सोयाबीनच्या रानात. रानात दिवसाला इतके मिळतात म्हटल्यावर विटा कोण उचलणार? जे उरले त्यांनी रोजची हजेरी वाढवली. असं ते चक्र होतं. एक उतरायचं की दुसरं चढायचं. वाळू, लोखंड, हजेरी तिन्ही एकदम उतरले असा दिवस मी वहीत शोधला, पेपरात शोधला, पंचांगातसुद्धा शोधला.

बजरंग अधूनमधून स्कूटर थांबवायचा. "आप्पा, काय करून राहिले? कधी धरायचं काम?"

"बजरंग, भाव पडत असला की थांबायचं. घाई केली की गेलास."

"हाव," तो म्हणायचा आणि जायचा.

दुसरीकडं मंजूचा दर रविवारी फोन. "आप्पा, झालं का?"

"झाल्यातच जमा आहे बेटा. सगळा माल घरात आहे."

"सासूबाई विचारून राहिल्यात. दिवाळीला निघायचं का नाही ते सांगा म्हणतात. त्यांनी इथल्या दवाखान्यात नाव बी घालून ठेवलंय."

त्या रात्री नागम्मानं मला भाकरी वाढली, पण भाजी वाढायला विसरली. (ती विसरत नाही.)

दसरा झाला आणि मी ठरवलं, बस. बजरंगला बोलावलं. त्यानं हजार रुपये हजेरी सांगितली. मला आठशेत पाहिजे होता. पण अडचण अशी की आमचे शेजारी दयानंद सर, त्यांच्याही माडीचं काम चालू होतं, ते कंपाउंडच्या भिंतीवर कोपर ठेवून उभे. त्यांच्या कानावर आठशे गेले की ते साडेआठशे देणार आणि मिस्तरी पळवणार. मग मी मोंढ्यातली जुनी रीत काढली.

पूर्वी मोंढ्यात भाव तोंडानं होत नसे. रुमालाखाली दोघांनी हात धरायचे आणि बोटं दाबायची. चार बोटं दाबली म्हणजे चारशे, लगेच परत दाबली म्हणजे आठशे. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. आता सगळा लिलाव उघड्यावर होतो, पण माझ्या बोटांना अजून ती भाषा येते. मी खांद्यावरचा रुमाल काढला, बजरंगच्या हातावर टाकला, त्याची चार बोटं दाबली. लगेच परत चार दाबली. आणि डोळ्यांनीच विचारलं, जमतं का?

बजरंगचा चेहरा डॉक्टरनं नाडी धरल्यासारखा झाला. त्यानं एकदा दयानंद सरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"समजलं आप्पा," तो हळूच म्हणाला. "कोणाला बोलत न्हाई."

मी खूश. दोनशे रुपये तोंड न उघडता तोडले! नागम्माला म्हणालो, "बघ, याला म्हणतात सौदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला. त्यातून चार मिस्तरी उतरले. मग चार बिगारी उतरले. शेवटी बजरंग उतरला आणि छाती फुगवून म्हणाला, "लई फिरलो, पण जमवलं आप्पा. चार मिस्तरी, चार बिगारी."

"एवढे कशाला?"

"तुम्हीच म्हणले की! चार, आन् परत चार." त्यानं बोटं दाबून दाखवली. "काढणीचे दिवस हायत, तरी आणले. दोघं तर दयानंद सरांच्या कामावरून फोडून आणले. म्हणूनच तुम्ही रुमाल टाकला, हे मी वळखलं."

"अरे, ती हजेरी होती! आठशे!"

"हजेरीचं तर तुम्ही काही बोललेच न्हाई," बजरंग म्हणाला. "मी म्हणलं हजार मंजूर हाय."

कंपाउंडच्या पलीकडून दयानंद सर आमच्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी सांगत नाही.

म्हटलं ठीक आहे, आठ तर आठ. काम लवकर होईल. मी मागच्या खोलीचं दार उघडलं. एका बिगाऱ्यानं वरचा कट्टा खांद्यावर घ्यायला ओढला. कट्टा हलेना. दुसरा मदतीला गेला. हलेना. बजरंगनं थापी मारली, तर टण्ण असा आवाज आला. त्यानं हातोडा मागितला. हातोडा मारला, तो उडून परत त्याच्याच कपाळाजवळून गेला.

"आप्पा," बजरंग म्हणाला, "ह्याचा तर दगड झाला."

"वरचाच असेल. खालचे बघ."

खालचे बघायची गरज नव्हती. पावसाळाभर भिंतीनं पाणी पाजलं होतं. कट्टे एकमेकांना, आणि सगळे मिळून भिंतीला, असे चिकटले होते की त्या खोलीत आता खोलीच उरली नव्हती. दार उघडलं की एक दगड, आणि त्यात मध्येमध्ये खोचलेले कडुलिंबाचे वाळके डहाळे. (कीड मात्र एकही नव्हती. एवढं माझं खरं ठरलं.)

"फोडता येईल?" मी विचारलं.

"येईल की. बांधायला आठ दिवस, फोडायला पंधरा. फोडायची हजेरी अलग, त्यात हात भरून येतात." मग जरा विचार करून बजरंग म्हणाला, "तसं मला एके ठिकाणी नाल्याच्या कडंला भराव टाकायचाय. पाच हजार देतो, फोडून नेतो सगळं. पर सवडीनं, दिवाळीनंतर."

पाच हजार! साठ-पासष्ट हजारांचा माल! मी ताठ झालो. "अरे, दगडालाही भाव येतो. थांब जरा."

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. नागम्मा. तिनं थप्पीकडं पाहिलं, कडुलिंबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होतो की आता ओरडेल. ती ओरडली नाही. पदरानं डोळ्याचा कोपरा टिपला. खरं सांगतो, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. चार महिने मी भाव बघत होतो आणि ती दिवस बघत होती, हे मला त्या दारात कळलं.

मग ती सरळ चालत घराच्या पुढच्या बाजूला गेली. आम्ही सगळे मागं. माझ्या बैठकीत उभी राहिली.

"बजरंग, ही भिंत मंजूच्या खोलीची हाय ना?"

"हाव."

"गटार समोरच हाय?"

"हाव अम्मा, पायपाचा खर्च बी कमी."

"किती दिवस?"

"एवढी माणसं हायत, म्हणल्यावर आठ."

"गादी उचला," नागम्मा म्हणाली.

"अगं, ही माझी बैठक..." मी सुरुवात केली.

"बसायचीच जागा हाय. बसायचीच ऱ्हाईल," ती म्हणाली. चारही मिस्तरी फिस्सकन हसले. हसणाऱ्यांना मी हजार देणार नव्हतो. (दिले.)

तिनं कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावला. तीस कट्टे, वाळू, विटा, पाइप.

"भाव काय सांगितला?" मी विचारलं.

"भाव न्हाई विचारला. कधी आणता विचारलं. अर्ध्या तासात म्हणले."

बिल आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. सप्टेंबरात सरकारनं सिमेंटवरचा कर अठ्ठावीसचा अठरा टक्के केला होता. मी पावसाळ्यात ट्रकानं, ओळखीनं, घासाघीस करून घेतलेल्या कट्ट्यापेक्षा तिचा न विचारता आणलेला कट्टा स्वस्त होता. ते बिल मी खिशात घातलं आणि याबद्दल घरात चर्चा होऊ दिली नाही.

आठव्या दिवशी पांढऱ्या टाइल्स चमकत होत्या. वसुबारसेला मंजू आली. पाय घसरायला कुठं जागाच नव्हती. पोहोचवायला शिवगंगाबाई स्वतः आल्या, बाथरूम आतून-बाहेरून बघितलं, फ्लश ओढून बघितला. "आमच्यापरीस मोठं हाय," म्हणाल्या, आणि नांदेडच्या दवाखान्यातलं नाव काढून टाकते म्हणाल्या. नागम्मानं त्या दिवशी मला भाजी दोनदा वाढली.

माझी बैठक आता ओसरीवर आहे, प्लास्टिकच्या खुर्चीत. लोक अजून येतात. "आप्पा, तूर धरू का सोडू?" मी छताकडं बघतो (ओसरीला पत्रा आहे), तोंड उघडतो, आणि नेमका तेव्हाच पाठीमागच्या भिंतीतून फ्लशचा आवाज येतो. लोक त्यालाच उत्तर समजून उठतात. परवा एकानं तूर सोडली, आणि त्याला चांगला भाव मिळाला.

राहता राहिली मागची खोली. बाळ यायच्या आत ती रिकामी पाहिजे, असा हुकूम निघाला. मी बजरंगला निरोप धाडला, की पाच हजाराला घेऊन जा. तो आला, दारातून आत बघितलं, डोकं खाजवलं.

"तो नाला तर भरून झाला आप्पा."

"बरं, दोन हजार दे."

"न्हाई परवडत."

"अरे, मग फुकट ने!"

बजरंग स्कूटरवर बसला. "फुकट म्हणता... पर थांबतो जरा. भाव पडत असला की घाई करायची न्हाई, हे तुम्हीच शिकवलं. आठ-पंधरा दिवसात तुम्ही वरून पैसे द्यायला लागताल."

मी सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला. बजरंगनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आप्पा, काय असंल ते तोंडानं बोला."

आतून नागम्माचा आवाज आला, "किती घेतो म्हणतोय ते आजच देऊन टाका. उद्या त्याचा भाव वाढंल!"

मी म्हणालो, बघू, दोन दिवस थांबू.

वाढला.