हिरव्या बाभळीचं कुंपण

कच्छवे सर चहा पिले की कप लगेच खाली ठेवत न्हाईत. रिकाम्या कपात बघतेत आन् दमल्या आवाजात विचारतेत, "चुकलं कुठं?" चहा चांगला झाला तरी विचारतेत. एका लग्नात अक्षदा पडल्या पडल्या नवरदेवाला विचारलं.

ताडकळसजवळच्या एका शाळेत ते जुने मास्तर, मी नवा. शिकवण्यापेक्षा मला त्यांची नक्कल बरी जमते. मान वाकडी, चष्मा नाकावर आन्, "तजवीज करा. करून बघा. मंग तपासा!"

यंदाची तजवीज म्हणजे कडुलिंबाची रोपं शेरडांपासून वाचवायची. पाचवीच्या लेकरांनी कागदावर आखणी केली, बाभळीचे ताजे फाटे तोडले, कुंपण घातलं. दुसऱ्या दिवशी शेरडं आली. आधी कुंपण खाल्लं, मंग जेवणावर बडीशेप खावी तशी रोपं.

"हिरवी बाभळ शेरडं आवडीनं खातेत, सर. वाळली पायजे," मागून आवाज आला. रुक्मिण. तिच्या घरी शेरडं-मेंढरं. वर्गात कधी तोंड उघडायची न्हाई. बापानं सांगूनच ठेवलेलं, दिवाळीपत्तोर लिहाय-वाचाय आलं न्हाई तर शाळा सोडून मेंढरांमागं जायचं.

"मंग आधी का न्हाई सांगितलं गं?" सरांनी विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई."

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'चुकलं कुठं : सरांनी रुक्मिणला इचारलं न्हाई.' लेकरं हसली. सर न्हाई हसले.

वाळल्या फाट्यांचं कुंपण रुक्मिणनं उभं करून घेतलं. नवी रोपं टिकली. दिवाळी झाली, शाळा उघडली, आन् रुक्मिण आली न्हाई.

"गाडी काढ," सर म्हणले.

"सर, लय थकलो आज."

"मी बी थकलोय. काढ."

रुक्मिणच्या दारात गेलो तर बाप मेंढरं कोंडायलाय. "सर, तिला धड वाचता येत न्हाई. कशाला पाठवू?"

मला वाटलं, आता तासभर भाषण. सर उंबऱ्याजवळ खालीच बसले. "दादा, मला येत न्हवतं ते तिला येतंय. वाचायचं मी शिकवतो. पाठवा."

बापानं शेवटचं मेंढरू आत ढकललं. मंग म्हणला, "बरं. उन्हाळ्यापत्तोर बघू."

येताना सर गाडीवर मागं बसलेले. मी म्हणलं, "जितलो की सर!" नाल्याच्या उतारावर त्यांनी माझा खांदा धरला.

"माही पोरगी आठवीतून काढली मी. मीच. तवा आमच्या दारात कुणी आलं न्हाई रे."

पुढच्या चढावर मी गाडी जोरात रेटली. गाडीचा आवाज होता म्हणून बरं.